गरम पाण्याच्या झऱ्यांपासून वीज

वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, राजापूर येथील गरम पाण्याची कुंडे महाराष्ट्राला सुपरिचित आहेत. स्नानासाठी पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडणाऱ्या या उष्णतेतून वीज मिळू शकेल काय, असा प्रश्न सहज मनात येतो. त्या दृष्टीने अमेरिकेच्या अलास्का राज्यातील चेना येथील अनुभव उद्‌बोधक आहे.

डिझेलला पर्याय

फेअरबँक्स शहरापासून सुमारे ९५ किलोमीटरवरील चेनापर्यंत वीजवाहिन्या पोहोचलेल्या नाहीत. तेथील वीज डिझेल जनित्रांवर तयार होई व तिचा खर्च युनिटला सुमारे ३० सेंट येत असे. तेथील झऱ्याचे पाणी अवघे ७४ अंश सेल्सिअस इतके गरम, म्हणजे वाफ होण्याइतकेही नव्हे. तरीही २००६ मध्ये तेथे प्रत्येकी सुमारे २०० किलोवॅट क्षमतेचे दोन संच सुरू झाले आणि विजेचा खर्च ५ ते ७ सेंटच्या आसपास आला.

वीज कशी निर्माण होते?

या संचात पाण्याची वाफ वापरली जात नाही. शीतयंत्रात वापरला जाणारा आर-१३४ए हा द्रव नेहमीच्या दाबाखाली उणे २६ अंशांनाच उकळतो. हा द्रव मोठ्या दाबाखाली नळ्यांतून खेळवला जातो आणि गरम पाण्याच्या उष्णतेने त्याची वाफ होते. ती वाफ टर्बाइन फिरवते, पुढे थंड होऊन पुन्हा द्रवरूप होते आणि पंपाद्वारे परत येते. पाणी व हा द्रव एकमेकांत कोठेही मिसळत नाहीत. उष्णता देऊन झालेले पाणी पुन्हा भूगर्भात सोडले जाते.

थंड पाण्याचे महत्त्व

चेनाच्या यशात गरम पाण्याइतकाच थंड पाण्याचा वाटा आहे. वाफ निवविण्यासाठी तेथे सुमारे ४ अंशांचे पाणी मिळते. ७४ व ४ अंशांमधील अंतरामुळे उष्णतेचा जास्तीत जास्त २० टक्के भाग विजेत रूपांतरित होऊ शकतो. प्रत्यक्षात सुमारे ८ टक्के होतो. कोकणातील सर्वांत उष्ण झऱ्यांचे तापमान ७० अंशांच्या आसपास असले, तरी निवविण्याचे पाणी २८ अंशांचे धरल्यास ही कमाल मर्यादा १२ टक्क्यांवर येते. म्हणजेच तेवढ्याच विजेसाठी गरम पाणी कितीतरी अधिक लागेल.

हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे ५ किलोवॅटचा प्रायोगिक संच चालविण्यात आला होता. तेथे उकळते झरे आणि पार्वती नदीचे हिमशीतल पाणी शेजारीशेजारी आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ झरा गरम आहे एवढ्यावरून संच उभारता येत नाही. पाण्याचे तापमान, बारमाही प्रवाह आणि थंड पाण्याची सोय यांची मोजणी प्रथम व्हावयास हवी. शिवाय खोल विहीर खोदल्याने गावाचे कुंड आटणार नाही, याची खात्री करून घेणेही तितकेच अगत्याचे आहे. जेथे विजेचे गणित जुळत नाही, तेथे हीच उष्णता मासळी किंवा फळे वाळविण्याच्या कामी येऊ शकेल.