तो येत नसेल, तरी तुम्ही जा

दारूच्या घरात आजारी एकच माणूस असतो, असे आपण धरून चालतो. पिणारा तो, म्हणून दवाखान्यात न्यायचे तेही त्यालाच. तो येत नाही म्हटले की विषय संपतो. पण त्याच घरातली बायको, म्हातारी आई, धाकट्यांना सांभाळण्यासाठी शाळा सोडलेली थोरली लेक यांच्याकडे कोणी बघत नाही. या वेळचे आरोग्य पान आम्ही त्यांच्यासाठी लिहीत आहोत.

हे घर ओळखीचे आहे का?

नवरा कामावर गेला नाही, तर 'ताप आलाय' असा निरोप बायकोच मुकादमाला देते. उचल त्याने घेतलेली असते, फिटते मात्र तिच्या मजुरीतून. बचतगटाचे कर्ज तिच्या नावावर, पैसा गुत्त्यावर. तो दोन दिवस प्याला नाही तर तिला अन्न गोड लागते. संध्याकाळी त्याला यायला उशीर झाला की तिच्या छातीत धडधड सुरू होते. वर्षानुवर्षे असे चालले की स्वतःची भूक, झोप, दुखणे यांची आठवणच राहत नाही. 'माझ्याशिवाय त्याचे कसे होईल?' एवढा एकच प्रश्न उरतो.

याला इंग्रजीत कोडिपेन्डन्सी आणि मराठीत सहअवलंबित्व म्हणतात. हा शब्द अमेरिकेत दारूड्यांच्या कुटुंबांवर काम करताना पुढे आला. डॉक्टरांच्या आजारांच्या यादीत तो स्वतंत्र आजार म्हणून नाही. त्यामुळे त्याची वेगळी गोळीही नाही. पण त्यातून येणारी उदासी, झोप उडणे, सततची धास्ती, जीव नकोसा होणे यांवर उपचार आहेत. आणि नात्याची ही सवय बोलून, शिकून बदलता येते.

काळजी आणि पांघरूण यांत फरक आहे. तो तापाने फणफणला तर दवाखान्यात नेणे ही काळजी. त्याची गुत्त्यावरची उधारी गुपचूप फेडणे हे पांघरूण. पांघरूण घातले की दारूचा खरा भार त्याच्यावर पडतच नाही, तो घर उचलते.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मार खाणाऱ्या बाईला 'तुझीच सवय वाईट' म्हणणे हा अन्याय आहे. मारहाण हा सवयीचा प्रश्न नाही, गुन्हा आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. 181 हा महिला मदत क्रमांक आहे, जिवावर बेतले तर 112. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो. अशा घरात आधी जीव वाचवायचा, समुपदेशन त्यानंतर.

लाज कुठे अडवते

पाचवे शील आपल्याला तोंडपाठ आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञाही आहे. म्हणूनच दारू शिरलेल्या घराला आपल्या वस्तीत लाज जास्त वाटते. बाई विहारात येणे कमी करते, कोणी विचारले तर काम सांगते. शील त्याचे मोडले, तोंड मात्र ती लपवते. हे थांबले पाहिजे.

कोणाकडे जायचे?

मानसोपचारतज्ज्ञ हे एम.डी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर असतात. झोप, उदासी, आत्महत्येचे विचार असतील तर आधी त्यांच्याकडे जा, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारून घ्या. समुपदेशक अशी पाटी मात्र कोणीही लावू शकतो, म्हणून त्यांचे शिक्षण आणि अनुभव विचारा. नात्यातल्या गुंत्यासाठी चांगला समुपदेशकही पुरेसा होतो.

हिंगोलीतून सुरुवात कशी करायची?

सेनगाव किंवा औंढ्याच्या खेड्यातून हिंगोलीला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पहिले पाऊल फोनचे ठेवा. टेलीमानसचा क्रमांक 14416. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. नवऱ्याबद्दल नाही, 'मला स्वतःबद्दल बोलायचे आहे' असे सांगा. फोन घरात त्याच्याच हाती असेल तर बचतगटातल्या मैत्रिणीच्या किंवा आशाताईंच्या फोनवरून करा.

दुसरे पाऊल हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय. तिथे मानसिक आरोग्य विभाग कोणत्या वारी असतो, हे आशाताईंकडून आधी विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जात नाही. 2015 मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्याने चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात हिंगोली होते. घरोघरचा ताण ओळखण्याच्या कामात आशाताईंना तेव्हापासून घेतले गेले. त्यामुळे हा विषय त्यांना नवा नाही. एस.टी.त महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे. वसमत, कळमनुरीकडच्यांना नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सोयीचे पडते.

तिसरे, सोबतीचा गट. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. तिथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. नवऱ्याबरोबर बायकोलाही आधार हवा, हे त्यामागचे साधे तत्त्व. अल-अनॉन ही दारूड्यांच्या नातेवाइकांची संघटना 1951 पासून जगभर काम करते. तिच्या सभेला फी नसते आणि नावही सांगावे लागत नाही. व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी क्रमांक 14446, तिथे जवळचे केंद्र विचारता येते.

समुपदेशक योग्य आहे का, कसे ओळखायचे?

पहिल्या भेटीत चार गोष्टी पाहा.

1. तुमचे बोलणे गुप्त राहील असे ते स्वतःहून सांगतात का? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुमचा हक्क आहे. तुम्हाला न विचारता नवऱ्याला किंवा सासूला फोन करणारा समुपदेशक नको.

2. 'बाईच्या जातीने सोसावे' किंवा 'आजच सोडून दे', असा तयार निकाल पहिल्याच दिवशी देतात का? दोन्ही चूक. काय करायचे ते तुम्ही ठरवायचे, त्यांनी विचार करायला मदत करायची.

3. आडनाव आणि वस्ती कळल्यावर त्यांचा सूर बदलतो का? 'तुमच्या लोकांत हे असतेच' असे कोणी म्हणाले तर दुसऱ्या ठिकाणी जा. दारू सगळ्या जातींच्या घरांत आहे.

4. अंगारा, गंडा, उतारा सुचवतात का? मग तिथून उठा.

एका भेटीत काही सुटत नाही. तीन-चार भेटींनंतरही तुम्हाला ऐकून घेतल्यासारखे वाटत नसेल तर समुपदेशक बदला. त्यात कोणाचा अपमान नाही.

तोवर घरी काय?

दारू सोडवण्याची गोळी चहात, भाजीत गुपचूप घालू नका. त्यावर तो प्याला तर जिवाला धोका होतो. रोज खूप पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो. अशा वेळी थेट दवाखाना.

स्वतःसाठी एक लहान गोष्ट ठरवा. 'या महिन्यापासून मुकादमाला खोटा निरोप देणार नाही' एवढीच. ती तो शुद्धीत असताना, भांडण नसताना सांगा आणि पाळा. मारहाणीची भीती असेल तर मात्र हे समुपदेशकाच्या सल्ल्यानेच करा. आपल्या मजुरीचे पैसे आपल्या खात्यात ठेवा. आठवड्यातून एकदा विहारात किंवा मैत्रिणीकडे जा, तो प्यायलेला असो वा नसो.

यामुळे तो दारू सोडेल का? कदाचित सोडेल, कदाचित नाही. ते तुमच्या हातात नाही. पण तुमची झोप, तुमची भाकरी, लेकीची शाळा या गोष्टी त्याच्या बाटलीला बांधलेल्या राहणार नाहीत.

विहार समित्यांना आमची एक विनंती. फलकावर पौर्णिमेच्या कार्यक्रमाखाली तीन क्रमांक कायमचे रंगवून घ्या: 14416, 14446 आणि 181. वाचणारी बाई कोणाला काही न विचारता ते मनात ठेवील.