ट्रिम टॅब स्वतः बसवताय? आधी तोल बघा, मग ड्रिल उचला

उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला, बोटीचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. वेग घेतला की बोटीचं नाक वर जातं, पुढचं दिसत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त जातं. यावर उपाय म्हणून ट्रिम टॅब सुचवले जातात. पण खर्च करण्याआधी ते काय करतात ते समजून घ्या.

काम कसं चालतं?
बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला, तळाशी, डाव्या-उजव्या बाजूला दोन पत्रे बसवतात. पत्रा खाली झुकला की वेगात येणारं पाणी त्यावर दाब देतं, मागचा भाग उचलला जातो आणि नाक खाली येतं. बोट डावीकडे कलत असेल तर डावा पत्रा खाली करायचा. लक्षात ठेवा, हे सगळं वेगावर चालतं. फ्लेमिंगो दाखवायला हळू जाणाऱ्या बोटीला याचा फायदा जवळपास नाही. तिथे पैसे वाचवा!

फुकटातले उपाय आधी
१. बॅटरी, टाकी, सामान थोडं पुढे सरकवा.
२. आऊटबोर्ड इंजिनाची कोनाची पिन एक भोक आत, म्हणजे बोटीच्या बाजूला घ्या.
३. प्रवासी न घेता, वाळूच्या पोत्यांचं वजन ठेवून चाचणी घ्या.
एवढ्यावर काम झालं तर विषय संपला.

तरी लागलेच तर
साधा अंदाज असा: बोटीच्या दर फुटाला प्रत्येक बाजूच्या पत्र्याची एक इंच रुंदी. म्हणजे १६ फुटी बोटीला दोन्हीकडे साधारण १६-१६ इंच. जागा कमी असेल तर विक्रेत्याला विचारा.

- बोट पाण्याबाहेर काढा, जागा आखून घ्या. कडेपासून आत आणि पंख्यापासून लांब.
- आतून लाकूड कुजलं नाही ना, ते आधी तपासा.
- आधी बारीक भोक पाडा, प्रत्येक भोकात मरीन सीलंट भरा, स्टेनलेसचेच स्क्रू वापरा.
- वायर पाण्याच्या पातळीच्या वरून आत न्या, फ्यूज बॅटरीजवळ लावा.
- सीलंट पूर्ण वाळल्यावरच बोट पाण्यात सोडा, आतून गळती बघा.

पाण्याखालचं एक भोक कच्चं राहिलं तर बोटीत पाणी शिरतं. हाताला सवय नसेल तर मजुरी देऊन करून घ्या, हा खर्च वाया जात नाही.

धंद्याचं शेवटचं गणित
२१ मे २०२४ ला इंदापूर तालुक्यातल्या कळाशी आणि करमाळ्यातल्या कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा जणांचा जीव गेला. अशा वाऱ्यापुढे ट्रिम टॅब कामाला येत नाहीत. तिथे कामाला येतं ते हवामान बघून फेरी रद्द करणं, प्रवासी मर्यादेतच घेणं आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असणं. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ नुसार इंजिनाच्या बोटीला नोंदणी लागते. बोटीत बदल करण्याआधी नोंदणी अधिकाऱ्यांनाही विचारा.

म्हणून बजेट असं लावा: आधी जॅकेट, मग इंजिनाची सर्व्हिसिंग, आणि उरलं तर ट्रिम टॅब.