मुंगी की वाळवी? कमर पाहून ठरवा

कोऱ्हाळे बुद्रुकच्या ऊसपट्ट्यात बेणे पोखरणारी ‘पांढरी मुंगी’ ही मुंगी नव्हे, वाळवी होय. तिचे नाते झुरळाशी, तर मुंगीचे गांधीलमाशीशी आहे.

अमेरिकेतील न्यू जर्सी येथे १९६६ साली अंबरात, म्हणजे दगड बनलेल्या राळेत, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीची मुंगी सापडली. जबडे गांधीलमाशीसारखे, पण कमरेवरील गाठ मुंगीची. म्हणून शास्त्रज्ञांनी १९६७ साली ‘स्फेकोमिर्मा’ या नावाने तिची मुंग्यांत गणना केली.

तुम्हीही भिंगातून पाहा. बारीक कमर व कोपरासारखी वाकलेली मिशी असल्यास मुंगी. जाड कमर व मणीमाळेसारखी मिशी असल्यास वाळवी. वाळवीचे औषध मुंग्यांवर वाया घालवू नये. उसावर मुंग्यांची रांग दिसल्यास पाचटाखाली पिठ्या ढेकूण शोधावा.