पिस्तुलाची काडतुसे भरण्याचा प्रेस घेताना

अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी कँप पेरी येथे १९०७ सालापासून राष्ट्रीय नेमबाजीचे सामने भरत आले असून, त्या परंपरेच्या छायेत या राज्यातील लहानमोठ्या गावांतून ‘बुल्सआय’ पिस्तूल नेमबाजीचे जे क्लब चालतात, त्यांपैकी एकाचा मी दीर्घकाळ सभासद आहे. या खेळाच्या पूर्ण सामन्यात २७० गोळ्या झाडाव्या लागतात. त्यांतील ९० गोळ्या २२ कॅलिबरच्या असतात आणि उरलेल्या १८० पुष्कळ खेळाडू ४५ कॅलिबरच्या एकाच पिस्तुलाने झाडतात. सामन्यापूर्वीच्या सरावाचा खप याहून कितीतरी अधिक असल्यामुळे, मध्यम स्थितीच्या गृहस्थाला दुकानातील तयार काडतुसांचा खर्च काही काळाने पेलेनासा होतो, आणि झाडलेल्या पितळी पुंगळ्या जमवून त्या घरीच पुन्हा भरण्याचा विचार त्याच्या मनात येतो. येथे स्थायिक झालेले काही मराठी तरुण अलीकडे या खेळाकडे वळले असून, ‘काका, कमी पैशांत कोणता प्रेस घ्यावा?’ हा प्रश्न ते मला वारंवार विचारतात. त्याचे उत्तर एका वाक्यात देणे मला धोक्याचे वाटते, म्हणून हा विस्तार.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, प्रत्येक काडतूस पुन्हा भरता येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जाकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्यामुळे ज्यांच्या मनात या खेळाची ओढ निर्माण झाली, त्यांना त्या प्रकारात वापरले जाणारे २२ कॅलिबरचे काडतूसच प्रथम आठवणार; परंतु त्यातील स्फोटक लेप पुंगळीच्या बुडाच्या कडेत पसरलेला असतो आणि आघाताने ती कडच चेपली जाते, सबब त्या पुंगळीचा पुनरुपयोग घरी संभवत नाही. ज्यांचा सराव केवळ २२ कॅलिबरचा आहे त्यांनी कोणताही प्रेस घेऊ नये. ज्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी प्रायमरची, म्हणजे दारू पेटविणाऱ्या स्फोटकाची, स्वतंत्र टोपी बसविलेली असते तेच भरण्याजोगे, आणि त्यातही बॉक्सर पद्धतीचे, म्हणजे प्रायमरच्या घरात मधोमध एकच छिद्र असलेले, हवे. बर्डन पद्धतीच्या पुंगळीत दोन बारीक छिद्रे असतात आणि जुना प्रायमर काढणारी डायची, म्हणजे प्रेसमध्ये बसवावयाच्या साच्याची, सुई त्यांवर आपटून मोडते.

दुसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. मात्र विक्रीसाठी ती भरावयाची तर उत्पादकाचा परवाना आवश्यक असतो, आणि राज्याराज्यांचे नियम भिन्न असल्यामुळे आपल्या राज्याची तरतूद ज्याची त्याने पाहिली पाहिजे. आपल्या लोकांनी याहून अधिक जपावयाचे ते असे की, एच-वन-बी अथवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या परवानगीवर येथे राहणाऱ्यास शस्त्र आणि काडतुसे बाळगण्याचीच केंद्रीय कायद्याने सामान्यतः मनाई आहे. वैध शिकार-परवान्यासारखे काही अपवाद त्यात आहेत, पण ते आपल्याला लागू पडतात की नाही याचा निर्णय मित्रांच्या बैठकीत करावयाचा नसून जाणत्या वकिलाकडून करून घ्यावयाचा असतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अडचण दूर होते; तोपर्यंत धीर धरावा. हिंदुस्थानात तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हाच आहे. त्यामुळे येथील कला तेथे नेण्याची कल्पनाही कोणी करू नये, आणि सरावाची पिशवी प्रवासाला कधीही वापरू नये. कारण तिच्या कोपऱ्यात विसरून राहिलेले एखादे जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले, तर फिर्याद दाखल होण्याची वेळ येते आणि हेतू निर्मळ होता हे सिद्ध करण्यात पुढची वर्षे जातात.

आता मूळ मुद्दा. आमच्या क्लबातील एका वयोवृद्ध सभासदाने, खर्च वाचावा आणि वेळही वाचावा अशा दुहेरी इच्छेने, बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतला. प्रोग्रेसिव्ह म्हणजे असे यंत्र की ज्याच्या फिरत्या तबकडीवर एकाच वेळी अनेक पुंगळ्या निरनिराळ्या अवस्थांत उभ्या असतात, आणि दांडा एकदा ओढला की एकीचा जुना प्रायमर निघतो, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते व शेवटी एक तयार काडतूस बाहेर येते. हिवाळ्यातील एका संध्याकाळी बंदिस्त रेंजवर जलद फेरीचा सराव चालू असता ते माझ्या डाव्या हाताला उभे होते. त्यांच्या एका बाराचा आवाज, बाटलीचे बूच काढावे तसा, फुसका आला. पिस्तुलाची स्लाइड मागे गेली नाही. काडतूस फुकट गेले असे समजून त्यांनी हाताने स्लाइड ओढून पुढचे काडतूस नळीत चढविले, तोच रेंजच्या अधिकाऱ्याने मोठ्याने हाक देऊन गोळीबार थांबविला. पिस्तूल रिकामे करून नळीत पाहिले तो तिच्या मध्यावर गोळी अडकून बसलेली. त्या काडतुसात दारू नव्हतीच. केवळ प्रायमरच्या जोराने गोळी तेथवर सरकली होती. पुढचा चाप दाबला गेला असता तर नळी फुगली अथवा फाटली असती, आणि त्या गृहस्थांच्या हाताचे व डोळ्यांचे काय झाले असते हे सांगवत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये तर हे संकट अधिकच मोठे, कारण तेथे स्लाइड अडल्याची सूचनाही मिळत नाही आणि पुढचा चाप सहजगत्या दाबला जातो.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन ते यंत्र त्यांच्यासमवेत उलगडून पाहिले. त्याची तबकडी दर खेपेस नेमक्या जागेच्या किंचित अलीकडे थांबत असे. त्यामुळे पुंगळी दारूच्या नळीखाली सरळ येत नसे, थोडी दारू बाहेर सांडे, ती तबकडीखाली साचे आणि फिरण्याला अधिकच अडथळा करी. प्रायमर केवळ उतारावरून घरंगळत यावयाचे असल्यामुळे शेवटचे काही अडून राहत. अशा प्रत्येक अडथळ्यावर ते दांडा अर्ध्यावर थांबवीत, मागे नेत, एखादी पुंगळी काढून पुन्हा ठेवीत, आणि काम पुढे चालू करीत. अनर्थाचे मूळ मला तेथे सापडले. वेग हा स्वतः दोषी नव्हता. क्रमभंग दोषी होता. दांडा मध्येच मागे गेला की कोणत्या पुंगळीत दारू पडली, कोणतीत पडली नाही, आणि कोणतीत दोनदा पडली याचा हिशेब मनुष्याच्या स्मरणावर येऊन पडतो, व स्मरण हे या कामी विश्वासार्ह साधन नव्हे. त्या सज्जन गृहस्थांनी तयार केलेला सारा साठा गोळी उपसण्याच्या हातोडीने एकेक करून मोडला. त्यांत एका पुंगळीत दुप्पट दारू आढळली. तो साठा मोडण्यास त्यांनी क्षणाचीही टाळाटाळ केली नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

म्हणून माझे ठाम मत असे की, काटकसर करावयाची असेल तर ती प्रोग्रेसिव्ह यंत्रात करू नये. हे यंत्र घ्यावयाचेच तर अॅरिझोनातील डिलनचे अथवा नेब्रास्कातील हॉर्नडीचे, पुरेसे पैसे मोजून, आणि काही वर्षांचा सराव झाल्यावर घ्यावे. महिन्याला हजारांनी काडतुसे लागणाऱ्यास त्याची खरी आवश्यकता असते. आमच्यासारख्या सुटीच्या दिवशी दोनशे-तीनशे गोळ्या झाडणाऱ्यास ती नसते.

याच्या दुसऱ्या टोकाला सिंगल-स्टेज प्रेस आहे. त्यात एका वेळी एकच डाय बसतो व एकच क्रिया होते. पन्नास पुंगळ्यांची आधी मापावर दाबणी, मग त्या पन्नासांना प्रायमर, मग तोंडे किंचित रुंद करणे, मग दारू, मग गोळी, असे काम टप्प्याटप्प्याने चालते. दारू भरलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी पाटावर ओळीने मांडून वरून दिव्याचा प्रकाश टाकला की एखादीतील दारूची पातळी कमी-अधिक असल्यास ती तत्काळ नजरेत भरते, आणि हा लाभ इतर कोणत्याही यंत्रात इतक्या सहजपणे मिळत नाही. किंमतही सर्वांत कमी. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे: रायफलच्या लांब पुंगळ्यांसाठी ओतीव लोखंडाचा अवजड सांगाडा लागतो, परंतु पिस्तुलाच्या आखूड, सरळ पुंगळ्यांना फारसे बळ लागत नाही, आणि कार्बाइडचा डाय घेतल्यास त्यांना तेल लावण्याचीही जरूर पडत नाही, सबब पिस्तुलापुरते पाहता अॅल्युमिनियमचा हलका प्रेसही निर्वेधपणे काम देतो. या यंत्राची उणीव एकच, तासाला जेमतेम पन्नास काडतुसे. आणि नोकरी व संसार सांभाळून उरलेल्या वेळात एवढ्यावर भागत नाही, असे पुष्कळांना कालांतराने आढळून येते.

या दोहोंच्या मधला जो टरेट प्रेस, तो मला पिस्तूलधारी गृहस्थास सर्वांत योग्य वाटतो. विस्कॉन्सिनमधील हार्टफर्ड गावच्या ली कंपनीचा चार भोकांचा टरेट प्रेस मी स्वतः वापरतो. त्यात चार डाय एका चकतीत कायमचे बसविलेले राहतात. पुंगळी मात्र एकच असते, आणि दांडा दर खेपेस ओढला की एका पिळदार दांडीच्या योगाने चकती पाव फेरा फिरून पुढचा डाय त्या पुंगळीवर येतो. चार ओढींत एक काडतूस पुरे होते. दारू दुसऱ्या ओढीला पडते, आणि गोळी ठेवण्यापूर्वी पुंगळी डोळ्यांसमोर असल्यामुळे तिच्यात वाकून पाहण्याची सवय हाताला आपोआप लागते. मध्येच दार वाजले, मूल रडले, फोन आला, तर ती एकच पुंगळी काढून रिकामी करावी आणि पुन्हा आरंभ करावा. हिशेब ठेवण्याजोगे दुसरे काहीच यंत्रावर नसते. पिळदार दांडी काढून ठेवली की हाच प्रेस सिंगल-स्टेजसारखा चालतो, आणि नवशिक्याने प्रारंभी काही महिने तो तसाच चालवावा. तासाला शंभराहून अधिक काडतुसे यावर शांतपणे होतात. लायमन व रेडिंग यांचे टरेटही दणकट आहेत, फक्त त्यांची चकती हाताने फिरवावी लागते.

वाकून पाहण्यावर माझा एवढा भर का, याचे कारण ३८ स्पेशल भरणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. ते काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे, काळ्या दारूच्या मापाने घडलेले; आजची धूरविरहित दारू त्यात पुंगळीचा थोडाच भाग व्यापते, त्यामुळे ती दुप्पट पडली तरी बाहेर उतू जात नाही आणि यंत्राचा दांडाही काही निराळे सांगत नाही. ४५ कॅलिबर भरणाऱ्यांसाठी निराळी सूचना: अलीकडे त्या मापाच्या काही पुंगळ्यांना लहान प्रायमरचे घर ठेवलेले असते, आणि रेंजवरून उचललेल्या ढिगात त्या मिसळलेल्या असतात. मोठा प्रायमर लहान घरात दाबण्याचा प्रसंग येऊ नये म्हणून निवड आधीच करून ठेवावी.

जुना प्रेस घेण्यास माझी हरकत नाही. उलट सद्‍वर्तनी हातांतून आलेले लोखंडी यंत्र पिढ्यान्‍पिढ्या टिकते. मात्र डायचे आटे प्रचलित मापाचे, म्हणजे सात-अष्टमांश इंच व्यासाचे आणि इंचाला चौदा, आहेत याची खातरजमा करावी. एखाद्या यंत्राला त्याच कंपनीचे खास डाय लागत असतील, तर स्वस्ताईचा सारा लाभ पुढे डायच्या खरेदीत निघून जातो. पुंगळी उचलणारा दट्ट्या वर नेऊन हाताने आडवा हलवून पाहावा. तो डुलत असेल तर यंत्र परत करावे.

प्रेसच्या किमतीत खर्च संपत नाही, आणि अंदाजपत्रक करताना हेच बहुतेकांच्या लक्षातून निसटते. दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात; सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅमचा; आणि नऊ मिलिमीटरसारख्या लहान पुंगळीत अर्ध्या ग्रेनची चूकही उपेक्षणीय नसते. म्हणून तराजू उत्तम हवा, त्याची सत्यता पडताळण्याची प्रमाण वजने हवीत, काडतुसाची लांबी मोजण्यास कॅलिपर हवे, आणि दारू बनविणाऱ्या अथवा गोळ्या बनविणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेले चालू आवृत्तीचे पुस्तक हवे. दारूचे प्रमाण त्या पुस्तकातूनच घ्यावे, त्याच्या किमान आकड्यापासून आरंभ करावा. मित्राने सांगितलेले प्रमाण, तो कितीही अनुभवी असो, नम्रपणे नाकारावे. माझ्याकडेही कोणी ते मागू नये.

दारू व प्रायमर मूळ वेष्टनातच, मुलांच्या हाती न लागतील असे कुलपात ठेवावेत. प्रायमरमध्ये आणि पुंगळ्यांच्या काजळीत शिशाची संयुगे असतात; काम चालू असता खाणेपिणे वर्ज्य करावे, पुंगळ्या घासण्याचे काम स्वयंपाकघरापासून दूर करावे, आणि उठल्यावर मुलाबाळांना जवळ घेण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत. आपण भरलेली काडतुसे दुसऱ्यास देऊ नयेत व दुसऱ्याची आपल्या पिस्तुलात घालू नयेत.

ज्याच्यापाशी सारे मिळून एकाच वेळी घेण्याइतकी रक्कम नसेल, त्याने या महिन्यात पुस्तक आणि तराजू घ्यावा, क्लबातील एखाद्या जाणत्या सभासदाशेजारी बसून त्याचे काम पाहावे, आणि प्रेस त्यानंतर घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.