चिनी शेवया आणि अळंबी

उन्हाळा आला की आपल्या फलटण भागात घरोघर कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजत घालतात. ते वाटून चीक काढतात. चीक शिजवून सोऱ्यातून पाडतात व उन्हात वाळवतात.

चीन देशातही असाच एक पदार्थ आहे. तिथे मुगाचा चीक काढतात. त्याच्या बारीक शेवया पाडून वाळवतात. भिजल्या की त्या काचेसारख्या आरपार दिसतात. त्यांत अळंबी घालून चिनी लोक एक चटकदार पदार्थ करतात. जेवणाच्या आरंभी तो थोडाथोडा वाढतात. आपल्यालाही तो घरी करता येईल.

साहित्य : दुकानातली ताजी अळंबी पाव किलो, मुगाच्या शेवया १०० ग्रॅम, लसणाच्या ६ पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, हिरव्या मिरच्या २, कांद्याची पात, तेल २ चमचे, सोया सॉस १ चमचा, अर्धे लिंबू, मीठ. मुगाच्या शेवया मिळाल्या नाहीत, तर ५-६ कुरडया घ्या. चव निराळी लागेल, पण पदार्थ चांगला होईल. तेल करडईचे चालेल. फलटणला १९६८ साली निघालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या करडईचे वाण तयार केले आहे.

कृती : शेवया गरम पाण्यात १० मिनिटे भिजवा. मऊ झाल्या की निथळून घ्या. अळंबी झटपट धुऊन तिच्या चकत्या करा. तेलात लसूण, आले, मिरची परता. मग अळंबी टाका. अळंबीत शंभरात नव्वद भाग पाणी असते. ते सुटेल. मोठ्या जाळावर ते आटू द्या. मग शेवया व सोया सॉस घालून दोन मिनिटे परता. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव पाहून घाला. खाली उतरवून लिंबू पिळा, वर पात घाला. चार माणसांना पुरेल.

आता महत्त्वाची गोष्ट. सून सासूला विचारते, "आत्याबाई, बांधावर छत्र्या उगवल्यात. त्याच आणू का? पैसं वाचतील."

"नगं गं पोरी! पैसं वाचतील, पर जीव जाईल."

सासूचे खरे आहे. काही रानटी अळंब्या विषारी असतात. त्या दिसायला खाण्याच्या अळंबीसारख्याच असतात. चांदीचे नाणे काळे पडले तर विष, किडीने खाल्ली तर चांगली, या समजुती खोट्या आहेत. पुष्कळसे विष शिजवूनही जात नाही. सर्वांत घातक विषाचा त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो. उलट्या व जुलाब होतात. मग एखादा दिवस बरे वाटते. पण आत काळीज, म्हणजे यकृत, निकामी होत असते.

म्हणून बरे वाटले तरी घरी थांबू नका. १०८ क्रमांकाला फोन करा, दवाखाना गाठा. उरलेली अळंबी डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.

सांगा पाहू :
१. चिनी शेवया कशाच्या करतात?
२. बांधावरची अळंबी का खाऊ नये?