धारेवर जाण्याआधी

वाई,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. मनूस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. रायरेश्वर आणि केंजळगड पुष्कळ जण करतात. तुला मात्र मैत्रिणींबरोबर केंजळगडावरून पूर्वेला मांढरदेवाकडे गेलेली धार धुंडाळायची आहे, तीही मळलेली वाट जिथे मोडते त्या रानातून. वाचून फार बरं वाटलं. तुझ्या आईला काळजी वाटते, मला नाही. पण काही गोष्टी तू मनापासून ऐकाव्यास म्हणून हे लिहितो आहे.

आधी ती धार समजून घे. उत्तरेला भोर, दक्षिणेला वाई. माथ्यावरच्या पावसाचा उत्तरेकडचा वाटा नीरेला जातो आणि नीरा-नरसिंहपूरला भीमेत मिसळतो. दक्षिणेकडचा वाटा कृष्णेत उतरतो. पुढे पार रायचूरजवळ भीमा कृष्णेला मिळते, तेव्हा कुठे ही दोन पाणी पुन्हा भेटतात. तुझ्या डाव्या आणि उजव्या पावलात एवढं अंतर आहे. रानात याचा उपयोगही होतो. झाडीत किंवा धुक्यात दिशा कळेनाशी झाली, तर सांडलेलं पाणी कुठे जाईल ते बघ. दोन्ही अंगांना उतार असेल तर तू माथ्यावर आहेस. एकाच अंगाला असेल तर तू कुशीत घसरली आहेस. तिथून आडवं पुढे जात राहू नकोस, आधी वर ये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चढताना धार माणसाला सांभाळते. बोटं तळहाताला मिळतात तशा सगळ्या सोंडा वर एकाच माथ्याला मिळतात, त्यामुळे कुठूनही चढलीस तरी योग्य जागी पोचतेस. उतरताना हेच उलटं होतं. एका माथ्यावरून चार सोंडा फुटतात, वरून चारही सारख्या दिसतात आणि त्यातली एकच तुला हव्या त्या गावात नेते. माणसं रानात चुकतात ती बहुतेक उतरताना आणि बहुतेक दुपारनंतर. म्हणून परतीची वाट जातानाच पाठ करायची. प्रत्येक खिंडीत, प्रत्येक टेपाडावर थांबून मागे वळून बघ. तेच झाड, तोच कातळ उलट बाजूने कसा दिसतो ते डोळ्यांत भरून घे आणि फोटोही काढ. मोबाइलवर चालल्याची नोंद चालू ठेव, पण बॅटरी संपली तरी परतता आलं पाहिजे या बेतानेच चाल.

नकाशा चांगला अभ्यासलास हे पत्रावरून कळलं. पण सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये 20 मीटरचं अंतर असतं, हे ध्यानात ठेव. 15 मीटरचा सरळ तुटलेला कडा त्या दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला आहे. त्यामुळे कडा, मग सपाट पदर, मग पुन्हा कडा, अशा पायऱ्या असतात. वरून एखादी घळ सोपी दिसते, गाव अगदी पायाशी दिसतं आणि उतरायचा मोह होतो. निम्म्यावर गेल्यावर पावसाळ्यातल्या धबधब्याचा कोरडा कडा लागतो, आणि निसरड्या मुरमावरून पुन्हा वर चढणं उतरण्याहून कठीण जातं. खालून वर पाहून खात्री केलेली नसेल, तर कुठल्याही घळीत उतरू नकोस. कोणी कितीही म्हटलं तरी नाही.

रान आहे ते बहुतेक पदरावर. तिथे माती साठते, ओल टिकते. जांभूळ, अंजनी, हिरडा आणि करवंदीच्या जाळ्या भेटतील. ढोरवाटाही पदर धरूनच जातात, त्यामुळे माथ्यावर झुडपं दाटली तर, माथा कुठे आहे ते ठाऊक असताना, एक थर खाली उतरून ढोरवाटेने आडवं जाणं सोयीचं पडतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून भोरच्या अंगाला सावली जास्त मिळेल. कारवीपासून मात्र सांभाळ. डोक्याएवढ्या उंच कारवीत पुढचं पाऊल कशावर पडतंय ते दिसत नाही आणि ती कड्याच्या अगदी काठापर्यंत माजते. काठीने चाचपडत, एकामागे एक चाला. कड्यांना आग्या मोहळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा यातलं काहीही नको. मोहोळ दिसलं तर लांबून वळसा घाला, वेळ गेला तरी चालेल.

सायकल नेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. भोरहून कोर्ल्यावरून केंजळगड आणि रायरेश्वराच्या खिंडीपर्यंत खुशाल सायकलने ये. तो घाट पायांनी जिंकावा असाच आहे. पुढे धारेवर ती नेऊ नकोस. खांद्यावर सायकल घेऊन कारवीत शिरणाऱ्याचं लक्ष सायकलीकडे असतं, पायाखाली नाही. आणखी एक कारण आहे. माथ्यावर मातीचा थर वीतभरही नसतो. उतारावर चाकाने एकदा सरी पाडली की पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो आणि तेवढी माती कायमची धुपून जाते. बैलगाडीची वाट किंवा जुनी ढोरवाट असेल तर तिच्यावर चालव, कोऱ्या गवतावर कधीही नाही. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नकोस. वळणाआधी वेग कमी कर आणि वळणात सोडून दे. पावसाळ्यानंतर वळणांवर बारीक खडी साचलेली असते. करवंदीचा काटा टायरला सोडत नाही, तेव्हा पंक्चरचं सामान आणि एक जादा ट्यूब ठेव.

सायकली वाटेवरच्या एखाद्या घरी विचारून ठेवा. तिथे दहा मिनिटं बसा, कुठे जाणार ते सांगा आणि पाण्याचं विचारा. गुरं राखणाऱ्या आजोबांना कुठला झरा आटला आणि कुठली वाट दरडीखाली गेली हे माहीत असतं. ते कुठल्याच नकाशात नाही. रायरेश्वराच्या पठारावर जंगम मंडळी पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांनाही भेट, पण आदराने बोल आणि न विचारता फोटो काढू नकोस. दिवाळीनंतर धारेवर पाण्याचा भरवसा नाही. माणशी चार लिटर पाणी खालूनच घ्या. गवत वाळलेलं आहे, तेव्हा चहासाठीसुद्धा चूल पेटवायची नाही. एका ठिणगीने अख्खी कूस जळते.

मांढरदेवापर्यंत एका दमात पोचायचा हट्ट धरू नकोस. दुपारचा एक वाजला की जिथे असशील तिथून माघारी फीर, पुढचं टेपाड कितीही जवळ दिसलं तरी. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. राहिलेला भाग पुढच्या खेपेला मांढरदेवाच्या घाटाने वर येऊन उलट बाजूने चाल. दोन्हीकडून पाहिलेली धार जास्त कळते, आणि तू काढलेली टिपणं त्या दिवशी खरी उपयोगी पडतील.

कुठल्या रविवारी येणार ते कळव. तुम्हा तिघींची नावं, सायकली ठेवणार त्या घराचा ठावठिकाणा आणि परतीची वेळ लिहून पाठव. खिंडीत परत आलीस की मला फोन कर. सातपर्यंत फोन आला नाही तर मी 112 वर कळवून गाडी काढेन, हे तुझ्या मैत्रिणींनाही सांगून ठेव. मुक्कामाला वाईला उतरणार असाल तर आधी सांगा. मामी पिठलं-भाकरी करून ठेवेल.

तुझा,
मामा