एका गिअरची सायकल : हिशेब, बांधणी आणि सराव



माझी नेमणूक सध्या तंजावरच्या हवाई दलाच्या तळावर आहे. काम तंत्रज्ञाचे, म्हणजे हातात कायम पाना. माझा मुलगा तुमच्याबरोबर दहावीत शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी आला तो एक मागणी घेऊनच : "बाबा, फिक्स्ड गिअर सायकल बांधायची. गिअर नकोत, फ्रीव्हील नको, आणि ब्रेकही नकोत." पहिल्या दोन गोष्टी मी लगेच मान्य केल्या. तिसरीवर आमची चर्चा चार दिवस चालली. त्या महिन्यात आम्ही वहीत जे टिपून ठेवले, तेच इथे धड्याच्या रूपात देत आहे. ज्यांच्या घरी जुनी सायकल धूळ खात पडली आहे, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

सिंगल स्पीड आणि फिक्स्ड

दोन्ही सायकलींना पुढे एक चेनव्हील आणि मागे एकच दातेरी चक्र असते. सिंगल स्पीडमध्ये मागचे चक्र म्हणजे फ्रीव्हील. पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि ओळखीचा कट-कट आवाज येतो. आपल्या आजोबांची काळी सायकल याच जातीची. फिक्स्ड सायकलीत मागचे चक्र, ज्याला कॉग म्हणतात, हबला घट्ट जखडलेले असते. जोवर चाक फिरते, तोवर पायडल फिरणारच. उतारावर पाय सोडून बसण्याची सोय नाही. पायडल मागे रेटले की वेग कमी होतो.

शर्यतीची सायकलही सुरुवातीला अशीच साधी होती. टूर द फ्रान्स 1903 मध्ये सुरू झाली, पण तिथे गिअर बदलणारे डिरेलर वापरायला परवानगी मिळाली 1937 मध्ये. त्याआधी बरेच स्वार मागच्या हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे लावत. चढ आला की खाली उतरायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि पुढे निघायचे. असा दुहेरी हब आजही मिळतो. त्याला फ्लिप-फ्लॉप हब म्हणतात.

सैन्यानेही ही सायकल आपलीशी केली. स्वित्झर्लंडच्या सैन्याने 1905 मध्ये घेतलेली एका गिअरची सायकल जवळपास नव्वद वर्षे सेवेत राहिली. डिसेंबर 1941 मध्ये मलायात उतरलेले जपानी सैन्य मोठ्या प्रमाणावर सायकलींवरून पुढे सरकले आणि 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले. टायर फाटले तेव्हा ते नुसत्या रिमवर सायकली हाकत. भाग कमी म्हणजे बिघाड कमी, आणि बिघाड झालाच तर तो रस्त्यातच दुरुस्त करता येतो, हे त्यामागचे गणित.

तंजावरची जमीन

मराठी माणसाला तंजावर परके वाटू नये. व्यंकोजीराजांच्या वंशाने इथे राज्य केले. बृहदीश्वराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा 1803 चा लांबलचक मराठी शिलालेख आहे. सायकलवाल्याच्या दृष्टीने मात्र इथली मोठी गोष्ट म्हणजे सपाटी. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात चढ म्हणजे काय तो पुलाचा. तंजावरहून तिरुवैयारूला जाताना वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी असे पाच प्रवाह ओलांडावे लागतात, आणि गावाच्या नावातही पाच नद्याच आहेत. अंतर बारा-तेरा किलोमीटर. मे महिन्यात पात्रांत बहुतेक वाळूच होती. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेने 12 जूनला सुटते. आमची चाचणी फेरी हीच, पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत.

या भागात एका गिअरची सायकल ही हौस नसून रोजची गरज आहे. राज्य सरकार अकरावीच्या मुलामुलींना मोफत सायकल देते, ती साधीच असते. शेजारच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो स्त्रिया सायकल शिकल्या आणि बाजार, पाणी, शाळा यांसाठी कोणावर अवलंबून राहीनाशा झाल्या. त्यांच्या सायकलीलाही एकच गिअर होता.

दात्यांचा हिशेब

गिअरवाल्या सायकलीत चूक झाली तर खटका दाबून सुधारता येते. इथे निर्णय एकदाच, आणि तो बांधण्याआधी. म्हणून आधी कागद-पेन्सिल.

टायरवर खडूने खूण करा, स्वार बसवून सायकल एक पूर्ण फेरी सरळ ढकला आणि जमिनीवरचे अंतर मोजा. आमच्या 700 × 32 टायरचे 2.15 मीटर भरले. चेनव्हीलचे दाते 46, मागचे 18. गुणोत्तर 46 ÷ 18 = 2.56. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 5.49 मीटर पुढे जाते. मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तर ताशी वेग होतो 26.4 किलोमीटर. 60 फेऱ्यांना 19.8.

मुलाला मागे 16 दाते हवे होते. त्यात 80 फेऱ्यांना वेग 29.7 होतो, ऐकायला छान. पण गिअर जेवढा जड, तेवढा सुरुवातीला आणि समोरच्या वाऱ्यात गुडघ्यावर ताण जास्त, आणि पायांनी वेग कमी करणेही तेवढेच अवघड. सपाट जमीन, वारा आणि नवखा स्वार हे तिन्ही धरून आम्ही 18 वर थांबलो.

आता हीच सायकल घाटात न्या. ताशी 50 च्या वेगाने उतरताना पायडलच्या फेऱ्या होतील मिनिटाला सुमारे 152. एवढ्या वेगाने पाय फिरवणे सरावाशिवाय शक्य नाही, आणि थांबवता तर येतच नाहीत. सातारा, नाशिक, कोल्हापूरकडच्या कॅडेट्सनी हा आकडा लक्षात ठेवावा. घाट असेल तिथे फ्रीव्हील आणि दोन्ही ब्रेक, यात तडजोड नको.

अंकगणिताची एक गंमत इथेच सांगतो. फिक्स्ड सायकलचे मागचे चाक पायांनी लॉक करून घसरवताना स्वार नेहमी तोच पाय पुढे ठेवतो. मग टायर ठरावीक जागीच झिजतो. गुणोत्तराला संक्षिप्त रूप द्या. छेद येईल तेवढ्या त्या जागा. 48/16 म्हणजे 3/1, एकच जागा, आणि टायर लवकर फाटणार. 46/18 म्हणजे 23/9, नऊ जागा. 46/17 ला संक्षिप्त करताच येत नाही, म्हणून सतरा. सहमूळ संख्या परीक्षेपलीकडे कुठे लागतात, हे विचारणाऱ्यांना हे उत्तर.

बांधणी

सांगाडा आम्ही भंगारातून घेतला. मागच्या एक्सलची खाच आडवी आहे, एवढे पाहून घ्या. डिरेलर नसल्यामुळे चेनचा ताण एक्सल पुढे-मागे सरकवूनच जुळवायचा असतो. उभी खाच असलेला सांगाडा या कामाचा नाही. हब विकत घेण्याआधी मागच्या दोन खाचांमधले आतले अंतर मोजा. फिक्स्डचा हब साधारण 120 मिलिमीटरचा असतो. पुढच्या फोर्कच्या माथ्याला ब्रेक बसवण्याचे भोक आहे का, तेही तेव्हाच पाहा.

चाक विणण्याचे काम गावातल्या एका दुकानात केले. मालकांना तमिळ येते, मुलाला मराठी. दोघांचे सगळे बोलणे बोटांवर आणि स्पोकच्या पान्यावर. आपण चाकाचा आऊट काढणे म्हणतो, तिकडे कोट्टम काढणे म्हणतात. स्पोक एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त आवळायचा नाही, हे मुलगा तिथे न बोलता शिकला.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा. खऱ्या फिक्स्ड हबला दोन टप्प्यांचे आटे असतात. कॉग बसतो तो सरळ आट्यांवर. त्याच्या बाहेर लॉकरिंग बसते, ती उलट्या आट्यांवर. पायडल मागे रेटले की कॉग सुटायला पाहतो. तो ज्या दिशेने सुटू पाहतो, त्याच दिशेने लॉकरिंग आवळली जाते. म्हणून कॉग जागेवर राहतो. काहीजण साध्या हबवरचे फ्रीव्हील वेल्डिंग करून फिक्स्ड बनवतात. हा जुगाड करू नका. त्याला लॉकरिंग नसते. नेमक्या थांबण्याच्या क्षणी सगळे चक्र आट्यांवरून निघून येऊ शकते.

आट्यांना ग्रीस लावून कॉग आवळा, थोडे अंतर जोर लावून चालवा आणि लॉकरिंग पुन्हा आवळा. मग आमच्या विमानांच्या कामातली एक सवय उचला : लॉकरिंग आणि हब यांच्यावरून लाल रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की काहीतरी सरकले आहे. रोज सकाळी एक नजर पुरते.

चेनव्हील आणि कॉग एकाच रेषेत हवेत. सीटच्या नळीच्या मध्यापासून चेनव्हीलच्या दात्यापर्यंतचे अंतर आणि हबच्या मध्यापासून कॉगच्या दात्यापर्यंतचे अंतर मोजा. फरक एक-दोन मिलिमीटरच्या आत असावा. चेन मध्यावर बोटाने दाबली तर सुमारे एक सेंटिमीटर हलावी. चेनच्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा. क्रँक जुन्या पद्धतीचा असेल तर कॉटर पिन सैल नाही ना, ते पाहा.

ब्रेकचा प्रश्न

मुलाचे म्हणणे असे : वेलोड्रोमवरच्या सायकलींना ब्रेक नसतात, मग आपल्याला कशाला? खरे आहे. पण वेलोड्रोमवर सगळे एकाच दिशेने जातात आणि अचानक थांबणारा कोणी नसतो. तिथे ब्रेक लावणेच धोक्याचे. तिरुवैयारूच्या रस्त्यावर शेळ्या असतात, ट्रॅक्टर असतात, शाळकरी मुले असतात. कापणीच्या दिवसांत कडेला भात वाळत घातलेले असते.

भौतिकशास्त्र काय म्हणते ते पाहू. वेग कमी होताना सायकलचा भार पुढच्या चाकावर जातो, मागचे हलके होते आणि घसरते. कोरड्या रस्त्यावर फक्त मागच्या चाकाने मंदन साधारण 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग मिळते. पुढचा ब्रेक नीट वापरला तर त्याच्या दुप्पट. ताशी 25 म्हणजे सेकंदाला 6.94 मीटर. थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (2 × मंदन). पहिल्या बाबतीत ते 9.6 मीटर येते, दुसऱ्या बाबतीत 4.8. प्रतिक्रियेच्या एका सेकंदात गेलेले सात मीटर दोन्हींत वेगळे. शिवाय चेन निसटली तर पायांचा ब्रेक शून्य.

2016 मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी त्या तरुण स्वाराला 18 महिन्यांची शिक्षा झाली. ब्रिटनच्या नियमात रस्त्यावरच्या फिक्स्ड सायकललाही पुढचा ब्रेक सक्तीचा आहे. सायकल आपली असते, पण समोरचे 4.8 मीटर आपले नसतात.

मी मुलाला हे सांगितले, पण ते त्याला पटले मोकळ्या मैदानावर. खडूची रेघ ओढली, एकाच वेगाने येऊन आधी फक्त पायांनी आणि मग ब्रेकने थांबायचे, असे दहा वेळा केले. त्याने स्वतःच टेप धरली आणि स्वतःच आकडे लिहिले. संध्याकाळी लांब हाताचा कॅलिपर ब्रेक पुढे बसला.

सराव

पहिला आठवडा फक्त मैदानात. पाय थांबवण्याची सवय शरीरात खोल असते. थांबवायला गेलात तर पायडल तुम्हाला उचलेल. वळणावरही पायडल फिरतच राहते, म्हणून सायकल फार तिरकी करू नका. आतले पायडल जमिनीला लागते. क्रँक शक्यतो 165 मिलिमीटरचा घ्या. बुटाची नाडी आत खोचा, पँटचा पायघोळ बांधा. आणि चाक फिरते ठेवून कपड्याने चेन कधीही पुसू नका. फ्रीव्हील बोट अडकल्यावर थांबू शकते, फिक्स्ड थांबत नाही.

पालकांना एक विनंती : मुलाला सायकल विकत देण्यापेक्षा एखादी बांधू द्या, पण ती रस्त्यावर नेण्याआधी ब्रेक आणि लॉकरिंग स्वतः तपासा. आमच्याकडे ज्याने काम केले त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तपासल्याशिवाय विमान उडत नाही.

स्वाध्याय

1. तुमच्या सायकलचे दाते आणि चाकाचा परीघ मोजा. मिनिटाला 70 फेऱ्यांना ताशी वेग किती?

2. 44/16, 47/17 आणि 48/18 यांत टायर किती जागी झिजेल?

3. हब 120 मिलिमीटरचा आहे. कॉगचा दाता हबच्या बाहेरच्या कडेपासून 18 मिलिमीटर आत आहे. चेनव्हील मध्यापासून किती अंतरावर हवे?

4. ओल्या रस्त्यावर मंदन निम्मे झाले असे धरा. ताशी 25 वेगाने थांबायला प्रतिक्रियेच्या सेकंदासह एकूण किती मीटर लागतील? तेवढे अंतर शाळेच्या मैदानावर पावलांनी मोजून पाहा.